तळमजला अधिक पहिला मजला: कॉलमचे माप, संख्या आणि खर्च कसा ठरवावा?

मांजरीकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मांजरी बुद्रुक परिसरात आमचा दीड गुंठ्याचा प्लॉट असून तेथे तळमजला आणि पहिला मजला मिळून साधारण २,००० चौरस फुटांचे घर बांधायचे आहे. पुढे दहा-बारा वर्षांनी मुलासाठी आणखी एक मजला चढवता यावा, अशी वडिलांची इच्छा आहे. जमिनीचा चाचणी खड्डा घेतला, तेव्हा वरचे जवळजवळ सहा फूट काळी माती आणि त्याखाली घट्ट मुरूम लागला.

स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी १२ कॉलम दाखवले आहेत. प्रत्येक कॉलम ३०० बाय ४५० मिलिमीटर, त्यात १६ मिलिमीटरच्या आठ सळया, एम२५ (ताकदीचा दर्जा) काँक्रीट आणि दोन्ही टोकांना ७५ मिलिमीटरवर रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या कड्या), असे ड्रॉइंग आहे. ठेकेदाराने सगळे मिळून २,२०० रुपये चौरस फूट दर दिला आहे, म्हणजे एकूण ४४ लाख. त्यांचे म्हणणे असे की, एवढ्याशा घराला १२ बाय १८ इंचांचे कॉलम लागत नाहीत, आजवर त्यांनी सगळी घरे ९ इंची कॉलमवर उभी केली, ९ इंची कॉलम भिंतीत लपतो आणि खोलीचे कोपरे बिघडत नाहीत. शिवाय दोन कॉलम कमी केले आणि रिंगा सरसकट ६ इंचांवर घेतल्या, तर लाखभर रुपये वाचतील.

कर्ज मंजूर झाले आहे, पण हात आखडता आहे, म्हणून लाख रुपये आमच्यासाठी लहान रक्कम नाही. दुसरीकडे, खांबाच्या बाबतीत चूक झाली तर ती नंतर सुधारता येत नाही, हेही कळते. इंजिनिअर जास्तीचे सांगत आहेत की ठेकेदार कमी सांगत आहेत? आणि केवळ कॉलमवर प्रत्यक्षात खर्च किती होतो, याचा हिशेब सामान्य माणसाने कसा मांडावा? कारण ठेकेदाराच्या दरपत्रकात ‘आरसीसी काम’ एवढी एकच ओळ आहे.

---

आराखडा

मांजरीकर साहेब, मी पुण्यात स्ट्रक्चरल डिझाइनचेच काम करतो, म्हणून आधी मापाचा प्रश्न घेतो.

९ इंची कॉलमची सवय कोठून आली, हे समजून घेतले की ठेकेदारावर रागावण्याचे कारण उरत नाही. भूकंपरोधक तपशिलांचे भारतीय मानक म्हणजे आयएस १३९२०. त्याच्या १९९३ च्या आवृत्तीत लहान गाळ्यांच्या (दोन कॉलममधल्या अंतरांच्या) इमारतींसाठी कॉलमची किमान बाजू २०० मिलिमीटर चालत होती, त्यामुळे २३० मिलिमीटरचा, म्हणजे ९ इंचांचा, कॉलम नियमात बसत असे आणि विटेच्या भिंतीतही बसत असे. २०१६ च्या आवृत्तीत ही किमान बाजू ३०० मिलिमीटर झाली, किंवा कॉलममधून जाणाऱ्या बीमच्या सर्वांत जाड सळईच्या व्यासाच्या वीस पट, यांपैकी जे जास्त असेल ते. आयएस १८९३ या भूकंपभाराच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार पुणे भूकंपप्रवण क्षेत्र तीनमध्ये येते आणि या क्षेत्रात १३९२० पाळणे ऐच्छिक नाही. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पुण्यात ज्यांनी अनुभवला, ती पिढी अजून आपल्यात आहे. म्हणजे तुमच्या इंजिनिअरांनी ३०० मिलिमीटर धरले, ते किमान आहे, चैन नाही. उलट बीमच्या मुख्य सळया १६ मिलिमीटरच्या असतील, तर वीस पटीने ३२० होतात. तेव्हा बीमचे ड्रॉइंग समोर ठेवून हा एक प्रश्न त्यांना जरूर विचारा.

रिंगांबद्दल मात्र मी अधिक आग्रही आहे. भूकंपात इमारत डावी-उजवीकडे हलते, तेव्हा कॉलमवर सर्वांत जास्त ताण वरच्या आणि खालच्या टोकाला, बीमच्या लगत येतो. तेथे रिंगा विरळ असतील, तर आतले काँक्रीट फुटून बाहेर पडते आणि उभ्या सळया बाहेरच्या बाजूला वाकतात. म्हणून तुमच्या मापाच्या कॉलमला दोन्ही टोकांपासून किमान ४५० मिलिमीटरपर्यंत रिंगा जवळजवळ घ्याव्या लागतात. हे अंतर कॉलमच्या लहान बाजूच्या एक चतुर्थांश, सर्वांत बारीक उभ्या सळईच्या व्यासाच्या सहा पट आणि १०० मिलिमीटर, यांपैकी सर्वांत कमी असेल ते. तुमच्या बाबतीत हे तीन आकडे ७५, ९६ आणि १०० येतात, म्हणून ड्रॉइंगमध्ये ७५ आहे. मधल्या भागात १५० चालतात. ठेकेदाराचे ६ इंच हे मधल्या भागासाठी बरोबर आहेत आणि टोकांसाठी चुकीचे आहेत.

रिंगेचा हूक हा आणखी एक दुर्लक्षित भाग. बारबेंडर सवयीने रिंगेचे टोक काटकोनात वाकवून सोडतो, कारण तशी रिंग सळयांच्या पिंजऱ्यात चढवणे सोपे जाते. ते टोक १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळलेले हवे आणि ८ मिलिमीटरच्या रिंगेला वळणापुढे किमान ६५ मिलिमीटर शेपूट हवे. काटकोनाची रिंग वरचे कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, उडाले की उघडते आणि मग तिचा उपयोग बाइंडिंगच्या तारेइतकाही राहत नाही. पहिल्या दिवशी नमुन्याची एक रिंग करून घ्या, ती पट्टीने मोजा आणि साइटवर खिळ्याला टांगून ठेवा. कामगार बदलले तरी नमुना समोर राहतो.

सळईचा जोडही बघा. आपल्याकडे स्लॅब झाला की लगेच त्याच्यावर, म्हणजे कॉलमच्या पायथ्याशी, सगळ्या सळयांचे लॅप (सळईला सळई लावून केलेले जोड) एकाच पातळीला देतात. मानकाप्रमाणे लॅप कॉलमच्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागात हवा आणि एका ठिकाणी निम्म्यापेक्षा जास्त सळया जोडू नयेत. यासाठी सळया स्लॅबच्या वर बऱ्याच उंच सोडाव्या लागतात, त्या डुलतात, त्यांना आधार बांधावा लागतो. म्हणून कामगार कुरकुर करतात. पण हे आधी बोलून ठेवले तर होते.

कॉलम १२ वरून १० करण्याचा विचार ठेकेदाराने करू नये. दोन कॉलम काढले की त्यांच्यामधला गाळा वाढतो, बीम खोल होतो, बीमचे लोखंड वाढते आणि उरलेल्या कॉलमखालचे फुटिंगही (पाया) मोठे होते; वाचलेले पैसे दुसऱ्या खात्यात जातात. घरगुती बांधकामात तीन ते साडेचार मीटरचे गाळे आणि एका रेषेत येणारे कॉलम हे बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त पडतात. कॉलम खोलीत दिसतो, ही अडचण खरी आहे, पण तिचे उत्तर नकाशात आहे. आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर या दोघांना एकाच टेबलावर बसवा आणि कपाटे, पलंग व दारे काढलेल्या नकाशावर कॉलम फिरवून घ्या. ६ इंची भिंतीतून ३०० चा कॉलम सहा इंच बाहेर येतो. तो कपाटाच्या बाजूला किंवा घराच्या बाहेरच्या अंगाला काढला, तर खोलीत बोचत नाही.

तळमजल्यावर पार्किंगसाठी भिंती नसलेला भाग ठेवणार असाल, तर तेही इंजिनिअरांना आधी सांगा. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादमध्ये ज्या इमारती कोसळल्या, त्यांत खाली मोकळे पार्किंग असलेल्या अनेक होत्या. वर भिंतींमुळे ताठ आणि खाली नुसते खांब, अशी रचना असेल तर सगळी हालचाल त्या खांबांत एकवटते.

---

मोजमाप_पुस्तक

खर्चाच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. बावीस वर्षे बिलिंगचे काम केले आहे आणि माझा अनुभव असा की, घरमालक चौरस फुटाच्या दरावर महिनाभर घासाघीस करतात, पण कॉलमचे घनमीटर किती, हे कोणी विचारत नाही. हा हिशेब सातवीच्या गणिताइतका सोपा आहे.

फुटिंगच्या माथ्यापासून जोत्यापर्यंत दोन मीटर आणि दोन मजल्यांचे प्रत्येकी तीन मीटर, अशी एका कॉलमची लांबी आठ मीटर धरा. ०.३० गुणिले ०.४५ गुणिले ८ म्हणजे १.०८ घनमीटर, बारा कॉलमचे जवळजवळ १३ घनमीटर. एम२५ ला घनमीटरमागे साधारण साडेसात ते आठ गोण्या सिमेंट धरले, तर शंभरेक गोण्या.

लोखंडासाठी एकच सूत्र पाठ करा: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचे किलो. १६ मिलिमीटरची सळई मीटरला १.५८ किलो आणि ८ मिलिमीटरची ०.३९५ किलो येते. एका मजल्याला तीन मीटर अधिक ८०० मिलिमीटर लॅप, अशा आठ सळया म्हणजे ४८ किलो. बाहेरची रिंग आणि आतल्या दोन लिंका (समोरासमोरच्या सळया बांधणारे आकडे) मिळून एका संचाला सुमारे सव्वादोन मीटर, म्हणजे ०.८९ किलो लागते. आराखडा साहेबांनी सांगितल्याप्रमाणे टोकांना आणि बीमच्या सांध्यात ७५ वर, मध्ये १५० वर घेतल्या तर एका मजल्यात ३२ च्या आसपास संच येतात, म्हणजे साडेअठ्ठावीस किलो. एका मजल्याचे एकूण ७६ किलो, जोत्याखालचे पन्नासेक किलो, म्हणजे एका कॉलमचे २०० आणि बाराचे २,४०० किलो.

आता दर. ते दर महिन्याला हलतात, म्हणून मी केवळ हिशेबासाठी धरतो आहे. तुम्ही स्वतःचे घाला. लोखंड ६० रुपये किलो, बांधणावळ १२ रुपये किलो, मजुरीसह काँक्रीट ६,५०० रुपये घनमीटर, शटरिंग (साच्याच्या फळ्या) ५० रुपये चौरस फूट. काँक्रीटचे ८४,५००, लोखंडाचे १,४४,०००, बांधणावळीचे २८,८०० आणि १,५५० चौरस फूट शटरिंगचे ७७,५००. बेरीज ३,३४,८००. तुकडे वाया जातात, काँक्रीट सांडते, ते धरून साडेतीन लाख समजा. ४४ लाखांत हे आठ टक्के होतात.

आता ठेकेदाराची बचत पाहू. ३०० ऐवजी २३० मिलिमीटर केले, तर काँक्रीट तीन घनमीटरने आणि शटरिंग सुमारे १४५ चौरस फुटांनी कमी होते. दोन्ही मिळून २६,७०० रुपये. लोखंड कमी होत नाही, कारण भार तोच आहे. रिंगा सरसकट ६ इंचांवर घेतल्या, तर एका मजल्याच्या एका कॉलममागे जेमतेम पावणेअकरा किलो वाचते. बारा कॉलमचे दोन मजले, म्हणजे चोवीस वेळा धरले तर २५७ किलो, म्हणजे बांधणावळीसह साडेअठरा हजार. दोन्हींची बेरीज ४५ हजारांच्या आसपास जाते. शिवाय चौरस फुटाचा दर ठरलेला असताना हे पैसे तुमच्या खिशात येणार की ठेकेदाराच्या, हे त्यांना विचारा. मी कोणावर आरोप करत नाही. दर एकठोक असला की मापातली प्रत्येक कपात दर देणाऱ्याच्या बाजूला राहते, हे बिलिंगमध्ये रोज दिसते.

म्हणून करारात तीन गोष्टी लिहून घ्या. स्ट्रक्चरल ड्रॉइंगचे क्रमांक आणि तारखा कराराचा भाग कराव्यात. लोखंड व सिमेंटचा मूळ दर लिहावा आणि बाजारभाव त्याच्या वर किंवा खाली गेला, तर फरक कोणी सोसायचा, हे ठरवावे. कॉलमचे पैसे टप्प्याने, म्हणजे शटरिंग उघडून इंजिनिअरांनी पाहिल्यावर द्यावेत. लोखंडाची गाडी आली की वजनकाट्याची पावती तर घ्याच, पण नगही मोजा: १२ मीटरची १६ मिलिमीटरची सळई १८.९६ किलो भरली पाहिजे आणि मानकाची सूट पाच टक्के आहे. १८ किलोंच्या खाली गेली, तर गाडी परत करायची. खडी आणि क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) ब्रासमध्ये येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि ट्रकच्या हौद्याची लांबी-रुंदी-उंची टेप लावून मोजण्यात संकोच बाळगू नये.

---

धायरीची_वास्तू

दादा, वरचे दोन्ही प्रतिसाद योग्यच आहेत, पण माप आणि पैसा बरोबर असूनही कॉलम बिघडतो, हे मी पाहिले आहे, म्हणून लिहिते.

आमच्या घराचे तळमजल्याचे कॉलम भरले, त्या दिवशी काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर बंद पडला होता. ठेकेदार म्हणाले की सळईने ठोकून भरतो, आणि मला त्यातले गांभीर्य कळले नाही. काँक्रीट दहा फूट उंचीवरून घमेल्याने सरळ खाली ओतले गेले. दुसऱ्या दिवशी फळ्या काढल्या, तेव्हा मी सहज लवकर गेले होते. दोन कॉलमच्या पायाशी, स्टार्टरच्या (आधी भरलेल्या आखूड भागाच्या) वरच्या वीतभर भागात, खडी नुसती एकमेकांवर बसलेली होती, मधे माल नव्हता. पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर मी त्या भोकात घातला, तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि सळईला लागून खण्ण वाजला. तिसऱ्या कॉलमला एक कामगार सिमेंटचा हात मारत होता. दुपारी गेले असते, तर तिन्ही गुळगुळीत दिसले असते.

इंजिनिअरांनी काम थांबवले. वर आधार देऊन सैल भाग छिन्नीने फोडून काढला, आकुंचन न पावणारे मायक्रोकाँक्रीट भरले आणि स्लॅब बारा दिवस पुढे गेला. ते दिवस आणि ते पैसे यांपेक्षा मनाला लागले ते हे, की व्हायब्रेटर भाड्याने आणला असता, तर एका दिवसाच्या भाड्यात भागले असते.

तेव्हा तुमच्या अंदाजपत्रकात दुसऱ्या व्हायब्रेटरचे भाडे, कव्हर ब्लॉक आणि गोणपाट या तीन लहान रकमा वेगळ्या लिहा. दगडाचा तुकडा कव्हर म्हणून लावू देऊ नका. ४० मिलिमीटरचे तयार ब्लॉक मिळतात. दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून काँक्रीट सोडू देऊ नका. एका बाजूच्या फळीत मध्यावर खिडकी ठेवली की तेथून भरता येते. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते सतत ओले ठेवा. स्लॅबवर पाण्याचे आळे करता येते, उभ्या कॉलमवर पाणी थांबत नाही, म्हणून नुसते सकाळ-संध्याकाळ पाइपने मारलेले पाणी पुरत नाही. मांजरीत उन्हाळ्यात काम करणार असाल, तर टँकरचा खर्चही आताच धरा.

---

मांजरीकर

तिन्ही प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले. हिशेबाचा कागद घेऊन ठेकेदारांकडे गेलो, तेव्हा त्यांनीही तो शांतपणे पाहिला आणि कॉलमचे माप व रिंगा ड्रॉइंगप्रमाणे करण्याचे मान्य केले. दोन शंका राहिल्या आहेत. पुढच्या वाढीव मजल्यासाठी आता फक्त वर सळया सोडून ठेवल्या तर चालेल का? आणि कॉलमसाठी तयार काँक्रीट मागवावे की साइटवर मिक्सर लावावा?

---

आराखडा

वर सोडलेली सळई हा वाढीव मजल्याचा सर्वांत स्वस्त भाग आहे. खरा मजला जमिनीखाली बांधावा लागतो. फुटिंगचा आकार, जोत्याखालचा कॉलम आणि तळमजल्याच्या कॉलममधले लोखंड हे तीन मजल्यांचा भार धरूनच आज ठरले पाहिजे. तुमच्या इंजिनिअरांनी ड्रॉइंगवर ‘तळमजला अधिक दोन’ असे लिहिले आहे का, ते पाहा. नसेल तर पुन्हा डिझाइन करून घ्या; वाढणारा खर्च मुख्यतः फुटिंगचा आणि खालच्या लोखंडाचा असेल. नंतर कॉलमला जॅकेट घालण्याचा, म्हणजे बाहेरून नवे लोखंड व काँक्रीट चढवण्याचा, खर्च आणि त्रास मात्र याच्या अनेक पट होतो. गच्चीवरच्या सळया दहा वर्षे उघड्या राहिल्या, तर प्रत्येक पावसाळ्यात गंजून बारीक होतील. त्यांच्याभोवती कमी ताकदीच्या काँक्रीटचा आखूड खांब भरून त्या झाका, म्हणजे पुढे तो फोडून सळया स्वच्छ मिळतील. एवढा चटई क्षेत्र निर्देशांक (प्लॉटवर किती बांधता येते, ती मर्यादा) शिल्लक आहे का, हे आर्किटेक्टांकडून आधी तपासून घ्यावे.

काँक्रीटबद्दल: एका मजल्याच्या बारा कॉलमना पाच घनमीटरही लागत नाही आणि घमेल्याने भरायला अर्धा दिवस जातो. तयार काँक्रीटची गाडी तेवढा वेळ उभी राहिली, तर माल आवळू लागतो, आणि मग कोणीतरी त्यात पाणी ओततो. म्हणून फुटिंग आणि स्लॅबसाठी तयार काँक्रीट व कॉलमसाठी साइटचा मिक्सर, हे घरगुती कामात मला पटते. मात्र आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे एम२५ साठी प्रयोगशाळेतून मिक्स डिझाइन करून घ्यावे लागते. १:१:२ असे तोंडी प्रमाण चालत नाही. मापासाठी लाकडी किंवा पत्र्याचे फरमे वापरा, फावड्याने अंदाज नको. एका गोणीला पाणी साधारण २५ लिटरच्या आत, आणि क्रश सँड ओली असेल तर त्याहून कमी. मिक्सरजवळ खुणा केलेली बादली ठेवली, तर हे सहज जमते. प्रत्येक वेळी १५० मिलिमीटरचे तीन क्यूब (ताकद तपासण्याचे नमुने) तरी भरा आणि त्यांवर तारीख व कॉलमचा क्रमांक कोरा.

काळ्या मातीबद्दल कोणी बोलले नाही. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून फुटिंग सहा फुटांखालच्या घट्ट मुरमातच टेकले पाहिजे. कॉलम भरून झाल्यावर खड्ड्यातून निघालेली तीच माती पुन्हा भरायची नाही. मुरूम आणून थराथराने पाणी मारून ठोकायचा. आणि तो मुरूम दरपत्रकात नाही, हे मी न बघता सांगतो, तेव्हा तेवढे ब्रास आताच मोजून घ्या.

---

मांजरीकर

दरपत्रकात मुरूम खरोखरच नव्हता. ठेकेदारांनी तो वेगळ्या ओळीत लिहून दिला. ड्रॉइंगवर ‘तळमजला अधिक एक’ असेच होते. इंजिनिअरांनी दहा दिवसांत नवे डिझाइन देतो असे सांगितले, म्हणून लाइनआउट (जमिनीवरची आखणी) तोपर्यंत थांबवले आहे. खड्डे खणून झाले की पीसीसी (तळाचे साधे काँक्रीट) टाकण्यापूर्वी ते स्वतः येऊन प्रत्येक खड्ड्याचा तळ पाहणार आहेत.